संत्र्याच्या पाकळीवरचा रोहू

१९८५ च्या फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी, पांढुर्ण्याच्या खालच्या अंगाला जाम नदीच्या डोहात माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने कापसाच्या पुंजक्यावर रोहू पकडला. मासा हातभर लांब होता. काठावर आम्ही तिघे होतो: भाऊजी, माझे वडील आणि मी. डोह मी दाखवला होता.

त्या डोहावर संत्र्याचा एक बगीचा झुकलेला होता. बहाराची फुलं गळू लागली की पांढऱ्या पाकळ्या पाण्यावर तरंगत आणि रोहू वर येऊन त्या ओठांनी आत ओढून घेत. रोहू शेवाळ, झाडपाला खाणारा मासा. त्या दिवसांत कणकेचा गोळा तो हुंगून सोडून देतो, हे मी दोन बहार पाहत आलो होतो. जागा मी कोणालाही सांगितली नव्हती. घरात मासे धरणारा मी एकटाच. वडील सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते, जखमांची मलमपट्टी करत. मी आणलेले मासे ते आवडीने खात, कुठून आणले ते विचारत नसत. मी अनेकदा बोलावूनही ते माझ्याबरोबर नदीवर कधी आले नव्हते.

भाऊजी सौंसरकडच्या शेतकरी घरातले, नोकरी रेल्वेत. ताई पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती, म्हणून ते बहुतेक शनिवारी येत आणि रविवारी संध्याकाळी परत जात. एकदा येताना त्यांनी कापडी पिशवीतून एक काठी आणली. बदली झालेल्या एका साहेबाने ती त्यांना दिली होती. काठी बारीक आणि लवचिक होती, बुडाशी चक्री, चक्रीवर जाड दोरी, आणि टोकाच्या गळाला पिसांची बनावट माशी. माशीला वजन नसतं, वजन दोरीचंच. काठीने ती दोरी मागे-पुढे झुलवून सोडायची, म्हणजे माशी अलगद पाण्यावर उतरते.

वडिलांनी काठी हातात घेऊन वाकवून पाहिली. चक्री कानाशी नेऊन फिरवली. माझी बांबूची काठी त्याच खोलीत दाराआड उभी होती.

त्या रात्री जेवताना मी भाऊजींना डोहाची आणि पाकळ्यांची हकीकत सांगितली. वडील ऐकत होते, म्हणून सांगितली.

"मंग पाकळीसारखीच माशी बांधू ना," भाऊजी म्हणाले. "तूच बांध."

माशी मी बांधली. गाव कापसाच्या बाजाराचं असलं तरी आमच्या घरात कापूस म्हणजे निळ्या कागदात गुंडाळलेली दवाखान्यातली गुंडाळी. त्यातला उरलेला तुकडा घेतला, गळावर बसवला, पांढऱ्या दोऱ्याने आवळला, कात्रीने पाकळीचा आकार दिला. ती साहेबाच्या माशीपेक्षा रेखीव झाली होती.

पहिल्या रविवारी आम्ही दोघेच गेलो. समोरच्या काठावर बाया धुणं धुवत होत्या. दोरी हवेत सटकली तशी एकीने हाक दिली.

"काहो जवाईबापू, पाण्याले चाबूक मारून राहिले काय?"

"मारतो ना जी. ऐकतच नाही ते!"

"आमच्या घरच्या बुढ्यालेही दोन हाणून द्या मंग. तोही ऐकत नाही."

बाया हसल्या. मी त्या काठावर शाळेत असल्यापासून बसत होतो. मला कोणी कधी चिडवलं नव्हतं.

माझी माशी पाण्याला टेकली आणि लगेच बुडाली. पुन्हा टाकली, पुन्हा बुडाली. तिच्या शेजारच्या खऱ्या पाकळ्या रोहू उचलत होते. भाऊजींनी माशी चिमटीत दाबली तेव्हा पाणी गळलं.

"अबे, हा तर दवाखान्यातला कापूस हाय. जखमेचं पाणी प्यासाठीच बनवला ना तो."

पुढच्या रविवारी चहा पिताना भाऊजी म्हणाले, "मामाजी, चलता का नदीवर?" ते एवढंच म्हणाले. वडिलांनी कप खाली ठेवला आणि चपला घातल्या.

वाटेत एका शेतात कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. एका पऱ्हाटीवर राहिलेलं बोंड भाऊजींनी तोडलं, सरकी काढून टाकली आणि काठावर बसून तो पुंजका गळावर बांधला. झाडावरच्या कापसाला अंगचं मेण असतं. तो लवकर भिजत नाही. माशी ओबडधोबड होती. ती तरंगली. पाकळ्यांच्या रांगेतून सरकत झुकलेल्या फांदीखाली गेली, तिथे पाण्यावर एक तोंड उघडलं आणि माशी दिसेनाशी झाली.

चक्री कर्र करत सुटली. "ढील द्या, ढील द्या!" वडील ओरडत होते. त्यांना मासेमारीतलं काही येत नव्हतं. मासा काठाशी आला तेव्हा ते पायजमा गुडघ्यावर खोचून पाण्यात उतरले आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. सदरा भिजला होता. ते हसत होते.

मी काठी मागितली. भाऊजींनी लगेच दिली. डोह ढवळला होता. ऊन डोक्यावर येईपर्यंत एकही मासा वर आला नाही. वडील त्याआधीच मासा घेऊन घरी गेले होते.

आमच्या घरी मुंडकं मासा धरणाऱ्याच्या ताटात वाढतात. तोवर ते माझ्या ताटात येत असे. त्या दुपारी वडिलांनी ते स्वतः भाऊजींना वाढलं.

"जागा याची हाय, मामाजी," भाऊजी म्हणाले. "पाकळीची अक्कलही याचीच."

"जागेचं काय? नदी सगळ्याइची हाय," वडील म्हणाले. "रस्सा घ्या, जवाईबापू."

नंतरच्या आठवड्यात भाऊजींना सुटी नव्हती. काठी आमच्याकडेच होती. रविवारी सकाळी मी वडिलांना विचारलं, "बाबा, येता का डोहावर?"

"जवाई येऊन राहिले का?"

"नाही."

ते पेपर वाचत राहिले. मी एकटा गेलो. त्याच शेतातल्या पऱ्हाटीवरचं बोंड तोडलं आणि भाऊजींनी बांधली होती तशी माशी बांधली. उन्हं चढायच्या आत रोहू लागला. आधीच्यापेक्षा थोडा लहान होता. काठावर आणताना कोणाची मदत नव्हती. समोरच्या काठावर बाया होत्या, त्यांनी पाहिलं. घरी आईने मुंडकं माझ्या ताटात वाढलं. वडील समोर बसून जेवले. मासा चांगला आहे, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी सगळ्यांना सांगितलं की जवायाच्या काठीला आणखी एक रोहू लागला. हे मला तिथल्या कंपाउंडरने त्याच संध्याकाळी चौकात सांगितलं.