चेहऱ्यावरून कळत न्हाई

मुखेडहून नांदेडला येणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली. बावीस-तेवीस वर्षांची असेल. बसल्याबरोबर बोलायला लागली, आणि बोलणं असं गोड की ऐकत राहावं. पण बऱ्याच वेळानं मी थकले. जांभई दिली, खिडकीबाहेर पाहू लागले. तिचं चालूच होतं.

मग मध्येच थांबून ती म्हणाली, “काकू, कंटाळा आला असंल तर तोंडानं सांगा. चेहऱ्यावरून मला कळत न्हाई.”

मी चपापले. ती मात्र सहज सांगत गेली. शाळेत कविता ऐकली की पाठ व्हायची, पण नकाशा आणि भूमिती काही केल्या जमायची नाही. रोजचे रस्तेही चुकायचे. बाई म्हणायच्या, मुद्दाम करते. पुढं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिचा मेंदू शब्दांतून शिकतो. आकार, दिशा, हावभाव त्याला पटकन उमगत नाहीत.

“त्या दिवशी आई लई रडली. मला तर बरं वाटलं. मी ढ न्हाई, हे कळलं.”

नांदेडच्या, माझ्या माहितीतल्या एका शाळेत तिला मराठी शिकवायची नोकरी लागली होती. आज पहिला दिवस, आणि पहिल्यांदाच एकटीचा प्रवास.

उतरल्यावर मी विचारलं, “सोबत येऊ का?”

“नको काकू. विचारत जाईन.”

बसस्थानकाच्या फाटकाबाहेर ती चुकीच्या बाजूला वळली. मी हाक मारणार होते. पण ती थांबली, फूलवालीला पत्ता विचारला, तिचं सगळं ऐकून घेतलं, ते शब्द स्वतःशी पुटपुटली आणि योग्य रस्त्याला लागली. माझी रिक्षा निघाली तेव्हा पुढच्या चौकात ती आणखी एकाला विचारत होती, जराही न लाजता.