ताईसाठी नवा डबा
पाचोऱ्याहून जामनेरला जाणाऱ्या छोट्या गाडीवर बाबा गार्ड होते. जामनेरला दिलेल्या ताईचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे आमच्याकडे व्हायचं होतं. जुन्या डब्यांचे हादरे तिला सोसणार नाहीत, नवे डबे आले की आणू, असा बाबांचा हट्ट. डबे बनवणाऱ्या कारखान्याला पोलाद मिळेना. डबे दर वेळी पुढच्या महिन्यावर जात.

आई कडाडायची, "डबा थांबी, पोट थांबस का?"

ताई सासरीच बाळंत झाली. बाबांचं जेवणावरून मन उडालं.

नवा डबा आला, तेव्हा भाचा त्यातून स्वतःच्या पायांनी उतरला. बाबा कौतुकानं डब्यावरून हात फिरवत होते. आई म्हणाली, "कारखानापेक्षा आपली पोर बरी. येळवर मोकळी तं झायी!"