हेलिकॉप्टरमधल्या दोन जागा

सदाशिव पेठेतल्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासने मला बोलावलं होतं. विषय होता, महासत्तेचं परराष्ट्र धोरण निव्वळ वास्तववादावर, म्हणजे फक्त आपलं हित आणि ताकद बघून, चालू शकतं का. संचालक म्हणाले, "सुभेदारसाहेब, आपण अनुभव सांगा. सिद्धान्त आम्ही शिकवतो." म्हटलं बरं, तेवढंच मला येतं.

आमची पलटण शांतिसेनेत आफ्रिकेतल्या एका देशात होती. मी प्लॅटून कमांडर. सकाळी गस्त, दुपारी गेट ड्यूटी, संध्याकाळी रिपोर्ट. आमचा दुभाषा जोसेफ गावात शाळामास्तर होता आणि त्याची बायको मारीही त्याच शाळेत शिकवायची. जवानांकडून तो 'चला, चला' शिकला आणि उशीर झाला की आम्हालाच ऐकवायचा. गावापलीकडे एका महासत्तेची खाण होती. तिथलं दुभाष्याचं कामही तोच करायचा.

बंडखोर जवळ आले त्या सकाळी महासत्तेने आपली माणसं न्यायला हेलिकॉप्टर पाठवलं. ते आमच्याच कॅम्पमध्ये उतरणार होतं. गस्तीवर पोटात गोळी लागलेला आमचा नाईक शेलार स्ट्रेचरवर होता. मेजरसाहेबांनी रेडिओवरून त्याच्यासाठी जागा मागितली.

"निगेटिव्ह. फक्त आमचे नागरिक."

"मग हेलिपॅड बंद. ओव्हर."

मग, "एक जखमी. मंजूर."

हा वास्तववाद. हेलिपॅड आमच्या हातात होतं, म्हणून शेलार आज कात्रजला नातवंडं खेळवतोय. मी वास्तववादाला नावं ठेवणार नाही.

जोसेफने दोन जागा मागितल्या. खाणीचं काम केलं म्हणून बंडखोर त्याच्यावर डूख धरून होते. पण त्याच्या हातात काहीच नव्हतं. गरज सरो, वैद्य मरो. महासत्तेचा अधिकारी नाही म्हणाला आणि जागेच्या आशेने गेटवर जमलेल्या गावकऱ्यांनाही तेच सांगायला जोसेफलाच लावलं. जोसेफने सांगितलं, न अडखळता. मला त्या अधिकाऱ्याचा भयंकर राग आला. हेलिकॉप्टर उडालं तेव्हा आत जागा शिल्लक होती.

"तू इथेच थांब," मी म्हणालो.

"मारी घरी आहे, साहेब."

तो तिला आणायला गेला. मारी दुसऱ्या वाटेने, शेतातून एकटीच कॅम्पवर पोचली. दुसऱ्या दिवशी आमच्या गस्तीला जोसेफ बाजारात मेलेला सापडला.

क्लासमधल्या एका मुलीने विचारलं, "सर, वाईट झालं. पण त्यांचं राष्ट्रहित तर साधलं ना?"

मी पुढचं सांगितलं. काही महिन्यांनी तीच महासत्ता खाण उघडायला परत आली. दोन्ही भाषा जाणणारं माणूस हवं होतं. गावात कुणी पुढे येईना. तोच अधिकारी मारीकडे गेला. ती त्याच्याच भाषेत, स्वच्छ उच्चारात म्हणाली, "मला तुमची भाषा येत नाही."

आमची पलटण परतली तेव्हाही खाण बंदच होती.

"मग उत्तरात काय लिहायचं, सर? चालतो की नाही?"

"चालतो," मी म्हणालो. "तिथे परत जायचं नसेल तर."

जोसेफला आम्ही त्याच्या शाळेमागे पुरलं होतं. तो सैनिक नव्हता. तरी कुणी हुकूम न देता सगळी प्लॅटून रांगेत फॉल-इन झाली. सलामीची ऑर्डर मी द्यायची होती. ती द्यायच्या आतच जवानांनी आपणहून सलामी दिली.