निऱ्यांएवढी ढील

सिस्टरबाई रविवारी आधी मोटारसायकलची चेन पुसत आणि मग देवपूजेला बसत. धारच्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना पाठ होतं. सकाळची उन्हं समोरच्या भिंतीवरून हळूहळू अंगणात उतरली, की बाई गाडी मधल्या स्टँडवर चढवायच्या, खाली गोणपाट अंथरायच्या आणि दात घासायचा जुना ब्रश, डिझेलची वाटी, ऑइलची कुपी, फडकी असं सगळं ओळीनं मांडायच्या. समोरचे दुकानदार ओट्यावर उभे राहून विचारत, "क्यूं सिस्टर, अभिषेक चालू हो गया?" बाई मान वर न करता म्हणत, "हो गया भिया. प्रसाद चाहिए तो हाथ काले करने पड़ेंगे."

त्या सरकारी नर्स होत्या. नालछ्याच्या आसपासची पाच-सहा गावं त्यांच्याकडे होती. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक, चष्म्याला मागे दोरी बांधलेली. मी देवासची. नालछ्याच्या पुढच्या एका गावात मला शाळेत पहिली नोकरी लागली आणि राहायला सिस्टरबाईंच्या घरातली माडीवरची खोली मिळाली. बस वेळेवर येईल तर शपथ. पहिल्याच आठवड्यात मला फाटकाशी ताटकळताना पाहून बाई म्हणाल्या, "ए मास्तरीण, बस मागे. आपला रस्ता एकच आहे." त्या दिवसापासून मी त्यांची मास्तरीण झाले आणि तीन वर्षं त्यांच्या मागे बसून नोकरीला गेले.

गाडी मुळात त्यांच्या यजमानांची. ते एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि मोटारसायकलीवर त्यांचा फार जीव. ते अचानक हृदयविकारानं गेले. त्यानंतर दोन वर्षं गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. मूल-बाळ नव्हतं. लोक म्हणाले, विकून टाका. गॅरेजवाल्यानंही तेच सांगितलं. "एक दिवस ताडपत्री काढली," बाईंनी मला सांगितलं, "आणि पाहिलं तर चेनला तांबूस गंज. मला इतकी लाज वाटली गं, जशी घरी आजारी माणूस असावं आणि त्याला कुणी पाणीसुद्धा विचारू नये." त्यांनी त्या दिवशी फक्त चेन साफ केली. पुढच्या रविवारी पुन्हा केली. अशा बऱ्याच रविवारांनंतर एकदा किक मारली. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाई गाडी शिकल्या, आणि तेही धारच्या घोड्याच्या चौकात नाही की मैदानात नाही, थेट नालछ्याच्या रस्त्यावर.

मला त्यांनी चेन शिकवली ती मी मागितली म्हणून नाही. रविवारी मी माडीवरून नुसती बघत बसायची. बाईंचा डावा हात मागचं चाक उलटं फिरवतोय, चेन दातेरी गरारीवरून ब्रशखाली सरकतेय, काळं डिझेल गोणपाटावर टपटपतंय. बघता बघता डोळ्यांवर गुंगी यायची. चाक फिरायचं आणि मला वाटायचं, आपण देवासलाच आहोत, आई दळण निवडतेय, आणि आज कुठे जायचंच नाहीये. एकदा अशीच पेंगत असताना खालून हाक आली, "वरून काय बघतेस? खाली ये, चाक फिरव." मी खाली गेले आणि उत्साहानं म्हणाले, "इंजिन चालू करून गियर टाकला तर चाक आपोआप फिरेल ना?" बाईंनी ब्रश खाली ठेवला. "चालू गाडीच्या चेनला हात लावणाऱ्यांची बोटं मी बांधली आहेत," त्या म्हणाल्या. "काहींची बांधायला बोटंच नव्हती. हातानं फिरव."

बाकीचं मग हळूहळू कळत गेलं. डिझेलनं मळ काढला की चेन फडक्यानं कोरडी करायची, मग ऑइल आतल्या बाजूनं, थेंब थेंब, प्रत्येक कडीच्या सांध्यात. वरून ओतलं तर ते नुसतं धूळ गोळा करतं. खालची चेन मधोमध बोटानं वर उचलून बघायची, दोनेक बोटं हलली पाहिजे. मी विचारलं, ताणून घट्टच का नाही करायची? बाई म्हणाल्या, "साडीच्या निऱ्यांएवढी ढील हवी. जास्त झाली तर पायात येते, अन् नसलीच तर पाऊलच टाकता येत नाही." पुढे कितीतरी वेळा मी मेकॅनिक लोकांना हे मापात सांगताना ऐकलं, पण माझ्या डोक्यात निऱ्याच राहिल्या.

यजमानांची एक वही होती. तिच्यात त्यांनी गाडीचं सगळं लिहून ठेवलेलं: चेन कधी ताणली, ऑइल कधी बदललं, ब्रेक कधी घासले. माझं शिक्षण सगळं हिंदीत. घरी मराठी बोलायचो, पण वाचायची वेळ आली की मी अडखळायची. बाईंना ते कळलं तेव्हा त्यांनी दुपारच्या वेळी मला ती वही मोठ्यानं वाचायला बसवलं. "आमच्या ह्यांचं अक्षर सुवाच्य आहे. शिकशील." मी वाचायची, बाई डोळे मिटून ऐकायच्या. चुकलं तर न बघताच सुधारायच्या. सगळी वही त्यांना तोंडपाठ होती. शेवटच्या लिहिलेल्या पानावर एवढंच होतं: "नवीन चेन, दोन्ही गराऱ्या बसवल्या. आता पुष्कळ दिवस चिंता नाही." ते मी वाचलं आणि बाई म्हणाल्या, "बस. आज एवढंच." त्या उठून आत गेल्या. हे लिहिल्यावर आठवड्याभरातच ते गेले होते, हे मला नंतर गल्लीत कळलं.

तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका रविवारी मी एकटीच चेन पुसत होते. बाईंनीच शिकवलं होतं म्हणून मागच्या गरारीवरून चेन चिमटीत धरून मागे ओढून पाहिली. ती दातांवरून चांगली अर्धं बोट उचलली गेली. दातही एका बाजूला वाकून टोकदार झाले होते. चेन ताणायला चाक मागे सरकवायच्या खुणा तर केव्हाच संपल्या होत्या. मी बाईंना हाक मारली. त्यांनी पाहिलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "चालेल अजून थोडी." दुसऱ्या कुणाची गाडी असती तर त्यांनी जागेवरून हलू दिली नसती. गल्लीतल्या दोघातिघांना त्यांनी असं खडसावलेलं मी ऐकलं होतं. पण मला शेवटचं पान आठवलं आणि मी गप्प बसले. ही माझीही चूक.

पंधरा दिवसांत ती तुटली. माझ्या शाळेच्याच गावात लसीकरणाचा दिवस होता. लसींची निळी पेटी माझ्या मांडीवर, बाई पुढे. नालछ्याच्या पुढे चढ लागतो, दोन्हीकडे गव्हाची नुकती उगवलेली कोवळी शेतं, त्यांच्यावर पातळ धुकं. सगळं इतकं शांत होतं की मला परत डुलकी येत होती. तेवढ्यात खालून काडकन आवाज झाला, इंजिन नुसतं किंचाळलं आणि मागचं चाक आडवं सरकलं. मी पेटी छातीशी धरूनच पडले. उठून बसले तर गुडघ्यातून रक्त येत होतं आणि तुटलेली चेन रस्त्यावर मेलेल्या सापासारखी पडली होती.

बाईंनी आधी माझा गुडघा पाहिला, मग पेटी उघडून बर्फ पाहिला. मागून ट्रॅक्टर आला. बाईंनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून तो थांबवला. ड्रायव्हर म्हणाला, "बेनजी, ट्रॉली में बोरियां हैं, बैठोगी कहां?" "बोरियों पे," बाई म्हणाल्या आणि आधी मला वर चढवलं. गावात आम्ही अर्धा तास उशिरा पोचलो. सगळ्या बाया पोरं घेऊन थांबल्या होत्या. बाईंनी एकेका बाळाला सुई दिली, प्रत्येकाच्या आईशी हसून बोलल्या. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

परतताना दुसऱ्या कुणाच्या जीपमध्ये बसलो होतो, तेव्हा त्या बोलल्या. "चेन एका दिवसात तुटत नाही. मला महिन्यापासून माहीत होतं. त्यांनी बसवलेली म्हणून मी ती काढत नव्हते. आणि मागे मी कुणाची तरी लेक बसवली होती." मी म्हणाले, "बाई, नुसतं खरचटलंय." "नुसतं," त्या म्हणाल्या. "पेटी धरली नसतीस तर हात टेकले असतेस, मग मनगट मोडलं असतं. मागून तोच ट्रॅक्टर जरा लवकर आला असता तर?" मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि नवा सेट घेऊन आल्या, चेन आणि दोन्ही गराऱ्या. जुन्या झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली तर ती नवी पण लवकर मरते, हे त्यांनी मला पूर्वी दहादा सांगितलं होतं. गॅरेजवाल्याला गाडी आणून द्यायला सांगितलं, पण हात लावू दिला नाही. आम्ही दोघींनीच चाक काढलं, गराऱ्या बदलल्या, चाक दोन्ही बाजूंनी सारख्या खुणांवर आणलं. चेनच्या शेवटच्या कडीची लहानशी क्लिप त्यांनी माझ्या हातात दिली. "बंद तोंड जायच्या दिशेला. उलटी बसली तर वाटेत निघून जाईल." मी दोनदा दिशा पाहून ती लावली. ती खट्कन बसली तेव्हा बाईंनी मोठा श्वास सोडला.

मग त्यांनी तुटलेली चेन उचलली आणि डिझेलमध्ये बुडवली. मी विचारलं, आता कशाला? "भंगारात द्यायची आहे," त्या म्हणाल्या, "पण मळकी नाही द्यायची." संध्याकाळपर्यंत त्या ती घासत बसल्या, कडी न् कडी. उन्हं अंगणातून भिंतीवर गेली, भिंतीवरून छपरावर. मी मध्ये चहा करून आणला, तो निवून गेला. शेवटी चेन चांदीसारखी झाली, आणि सकाळी भंगारवाला आला तेव्हा बाईंनी ती फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली. तो बिचारा चकित होऊन फडकं परत द्यायला लागला. "रख लो भिया," बाई म्हणाल्या. त्या दुपारी त्यांनी वही मागितली आणि यजमानांच्या ओळीखाली आपल्या अक्षरात लिहिलं: "नवीन सेट बसवला. बरोबर मास्तरीण होती."

मागच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. त्यांची धाकटी बहीण देवासला एकटी होती, तिच्याकडे राहायला गेल्या. गाडीवरूनच गेल्या, सामान आधी टेम्पोनं पाठवून. मी तोवर स्वतःची एक जुनी मोटारसायकल घेतली होती. इंदूरच्या रस्त्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. तिथे त्यांनी गाडी बाजूला घेतली, माझ्या गाडीशी उकिडव्या बसल्या, खालच्या चेनला बोट लावून पाहिलं आणि उठल्या. "ठीक आहे," म्हणाल्या. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. बोटाचं ऑइल गालाला लागलं. दोघी हसलो आणि त्या निघाल्या.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी एकटीच शाळेत निघाले होते. नालछ्याच्या अलीकडे एका वस्तीपाशी भिलाला जमातीच्या एका म्हातारीनं हात करून मला थांबवलं. डोक्यावर टोपलं, त्यात सीताफळं. तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"सिस्टर क्यूं नी आई?"

"वे देवास गईं, माई. अब नहीं आएंगी."

"थने सुई लगानी आवे?"

"नहीं. मैं तो पढ़ाती हूं."

ती टोपलं सावरत जवळ आली. मग म्हणाली की सिस्टर तिला दर बाजाराला नालछ्यापर्यंत सोडायची, किती वर्षांपासून. मला हे माहीतच नव्हतं. बाजाराच्या दिवशी बाई मला म्हणायच्या, "आज मला लवकर जायचंय गं, तू बसनं ये," आणि मी कधी का म्हणून विचारलं नव्हतं.

म्हातारीनं टोपलं डोक्यावरून उतरवलं आणि दोन्ही हातांत धरून माझ्याकडे बघत राहिली. मी सीटवर थोडी पुढे सरकले.