शेडच्या टोकापर्यंत

कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर चालू केला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. शिरोलीतल्या आमच्या फौंड्रीची काळी वाळू अजून त्याच्या पोटात होती. शेड विकलंय, उद्या किल्ल्या द्यायच्या आहेत.

माझा थोरला भाऊ, दादा, ओतायच्या पार्टांच्या ड्रॉइंगचे कागद घेऊन भट्टीजवळ जायचा आणि ते तेलकट होऊन फाटायचे. म्हणून मी याच कॉम्प्युटरवर एक साधा सर्व्हर बसवला होता. मोबाईलवर पत्ता टाकला की फाइलींची नावं दिसायची, त्यातलं हवं ते ड्रॉइंग उघडायचं.

"एवढंच व्हय?" दादा म्हणाला आणि वायफाय कुठवर पोचतंय ते बघायला मोबाईल घेऊन चालत निघाला. मी इथंच खुर्चीवर बसलो होतो. भट्टीच्या घरघरीतून त्याची हाक आली, "दिसतंय." साच्यांच्या रांगेपलीकडून पुन्हा आली, "अजून दिसतंय की." आवाज लांब लांब जात होता आणि मला त्याच्या उत्साहाचा कंटाळा यायला लागला होता. फाटकापाशी तो थांबला. "आता न्हाय दिसत."

"मग ये की माघारी," मी ओरडलो. तेव्हा बोलावलं की तो माघारी येत होता.

दादा जाऊन दोन पावसाळे झाले. आज मोबाईलवर पान लगेच उघडलं, सगळी नावं जागच्या जागी होती. मी दादासारखाच मोबाईल घेऊन चालत थंड भट्टीपर्यंत गेलो आणि मागं वळून म्हणालो, "दिसतंय."

खुर्ची रिकामी होती.