माटालाफीची शिळी पानं

लागी मावशीचा हात कपाळाला लागला की ताप किती आहे, चढतोय की उतरतोय, सगळं तिला कळायचं. सावाई बेटावरच्या आमच्या गावात औषध देणारी तीच. डोंगरउतारावरच्या जंगलात माटालाफीची माणसाएवढी झुडपं होती. सूज, चिघळलेली जखम, ताप, सगळ्यावर त्याच पानांचा कच्चा रस. भूत लागलं तरी तोच. "डोकं दुखलं की दवाखाना, डोकं फिरलं की मी," असं ती म्हणायची. तोंडाची तिखटच होती. एक नियम मात्र तिचा पक्का होता: पानं त्याच सकाळी तोडलेली हवीत. शिळी पानं तिच्या लेखी कचरा.

तो नियम तिने एकदा मोडला होता, हे मला ठाऊक होतं. मी नऊ वर्षांची असताना आई तापाने फणफणली. दोघी बहिणींचं तेव्हा बोलणं बंद होतं. मावशीने पानं पाठवली, ती कडा काळ्या पडलेली. दुसऱ्याच दिवशी आई गेली. थोरल्यांना 'का' म्हणून विचारायची आमच्यात सोय नाही. सात वर्षं मी गिळून बसले.

मग मलाच ताप चढला. दोन दिवस मी बरळत होते, आणि तेही म्हणे आईच्या आवाजात. आईचं भूत लागलंय, असं घरच्यांनी ठरवून टाकलं. मावशी येऊन रस देऊन जायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली, तर अंग गार आणि डोकं स्वच्छ. मी डोळे उघडलेच नाहीत. मुलीला जे विचारता येत नाही, ते भुताला विचारता येतं.

दुपारी मावशी आली. घरचे कर्ते तोफा मामा आणि बाकीचे चटयांवर गोल बसले होते. तिने माझ्या कपाळावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. संपलं, असं मला वाटलं. पण तिने पानं चुरगाळली आणि भूत बोलतं व्हावं म्हणून माझ्या डोळ्यांत रस पिळला. आगडोंब उसळला. माझ्या आवाजात ओरडले असते तर सोंग उघडं पडलं असतं, आणि मेलेल्या आईचं सोंग आणणाऱ्या पोरीला मामांनी घरात ठेवलं नसतं. मी बोटं चटईत रुतवली.

"कोण आलंय? नाव सांग."

"तासी," मी आईचं नाव घेतलं.

"कशाला आलीस?"

"मला आदल्या दिवशीची पानं का पाठवलीस?"

मावशीने नुसतं 'खोटं' म्हटलं असतं, तरी सगळ्यांनी तिचंच ऐकलं असतं.

"रागाने," ती म्हणाली. "तू स्वतः यावंस, माझ्यापुढे मान खाली घालावीस, असं वाटत होतं. उद्या ताजी देईन म्हटलं. चुकलं माझं, तासी."

मामा उठून बाहेर गेले. त्यांच्यामागे बाकीचेही. मी रडत होते, आणि डोळ्यांतला रस हे त्याला चांगलं निमित्त होतं.

मावशीने ओल्या फडक्याने माझं तोंड पुसलं. "ताप सकाळीच उतरलाय तुझा," ती हळूच म्हणाली.

"मग सगळ्यांसमोर सांगितलं का नाहीस?"

"तू तरी दुसरीकडे कुठे विचारणार होतीस?"

त्यानंतर औषधाला तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. पुढच्या वर्षी ती स्वतः तापाने पडली, तेव्हा पानं मी तोडून आणली. त्यातलं एक उचलून तिने नाकाशी धरलं.

"आजचीच आहेत," मी म्हणाले.

"कळलं गं," ती म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं.