पालथ्या पुंगळ्या

नेड्रा व्होसबर्गने एकोणतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. यंत्र जितकं भराभर चालतं तितक्याच भराभर चुकतं, हे तिला तिथेच कळलं. म्हणून ऑरिनच्या बंदुकीच्या दुकानात तिचा नवरा वेल्डन त्या मोठ्या, घरी काडतुसं भरायच्या, दांडा ओढला की तयार काडतूस टाकणाऱ्या प्रेसभोवती पिंगा घालत होता, तेव्हा ती तिकडे बघायलाही तयार नव्हती.

"तासाला चारशे," वेल्डन म्हणाला. "चारशे, नेड्रा."

"कुणावर स्वारी करायची आहे का? आठवड्याला पन्नास उडवतो आपण दोघं मिळून."

ऑरिन हसला. त्याने फळीवरून एक काळं, ठेंगणं, जड धूड काढून काउंटरवर ठेवलं. "नवशिक्यानं हेच घ्यावं. दांडा एकदा ओढला की एकच काम होतं. वेळ लागतो, पण चूक झाली तर कुठे झाली ते कळतं." वेल्डन परत त्या मोठ्या प्रेसकडे वळला, आणि ऑरिनने नेड्रासमोर एकेक वस्तू मांडली: वजनकाटा, बंदुकीची दारू मापून टाकणारं उभं भांडं, पन्नास भोकांचा लाकडी ठोकळा आणि मापांचं पुस्तक. "पुस्तकात लिहिलंय त्याच्यापुढे दारूचा एक कणही नाही. आणि ठोकळ्याचा एक नियम आहे. काडतुसाची रिकामी पुंगळी भोकात पालथी ठेवायची. दारू घातली की मगच सुलटी. शेवटी टॉर्च घेऊन पन्नासच्या पन्नास पुंगळ्यांत डोकावायचं."

"एखादी रिकामीच राहिली तर?" नेड्राने विचारलं.

"तर फुस्स होतं, आणि बुडातल्या टिकलीच्या तेवढ्याशा जोरानं गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. ते लक्षात न येता माणसानं पुढचा चाप ओढला की नळी हातातच फुटते." ऑरिनने आपली बोटं उघडून मिटली. "म्हणून टॉर्च."

पालथं भांडं रिकामं, सुलटं भांडं भरलेलं. हा नियम नेड्राला नवा नव्हता, शाळेत ताटं अशीच रचायची. तिने सामान घेतलं. वेल्डन वाटेत म्हणाला, "तुझ्यासारखंच आहे ते यंत्र. एका वेळी एकच गोष्ट ऐकतं."

"ती एक तरी ऐकतं," नेड्रा म्हणाली.

शुक्रवारी दुपारी कपडे धुण्याच्या खोलीत तिने पहिली पन्नास भरायला घेतली. एक माप, एक पुंगळी, सुलटी करून भोकात. अर्धा ठोकळा झाला असेल, तोच चर्चच्या जेवणावळीचं बघणाऱ्या फर्नचा फोन आला. बटाट्यांचा पदार्थ करायला कुणी तयार नाही आणि जेली मात्र चौघी आणणार आहेत, या संकटावर फर्न अर्धा तास बोलली. नेड्रा परत आली तेव्हा ठोकळ्यातल्या सगळ्या पुंगळ्या सुलट्या उभ्या होत्या.

झालं होतं वाटतं सगळं, असं ती स्वतःशीच म्हणाली. फर्नने डोकं खाल्लेलं, त्यात स्वयंपाकाची वेळ. टॉर्च खिडकीतच राहिला. तिने गोळ्या बसवल्या, काडतुसं डबीत भरून वर तारीख घातली आणि हात धुतले.

शनिवारी सकाळी वेल्डन डबी घेऊन गावाबाहेरच्या खडीच्या खाणीवर नेम मारायला गेला. नेड्रा मागे खोली आवरायला लागली. दारूचं भांडं रिकामं करायला उचललं आणि तिचा हात थांबला. काल सुरुवातीला तिने भांड्यावर पेन्सिलीची खूण केली होती. पन्नास मापांनी दारू जिथवर उतरायला हवी, तिथवर ती उतरलीच नव्हती. निम्मीच गेली होती. म्हणजे डबीत जवळजवळ निम्मी काडतुसं बिनदारूची होती.

वेल्डनचा फोन स्वयंपाकघरातच चार्जिंगला लावलेला होता. एप्रनसकट ती जुन्या गाडीत बसली. खाण नऊ मैलांवर. सगळी वाट तिला ऑरिनची बोटं दिसत होती, उघडलेली आणि मिटलेली. मी केलं हे. मला टॉर्च उचलायचा कंटाळा आला होता.

खाणीत एकही बार ऐकू येत नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. तिने गाडी मध्येच सोडली आणि धावली.

वेल्डन बाकावर पाय पसरून बसला होता. शेजारी दोन म्हातारे. टेबलावर रिव्हॉल्वर, बाहेर काढलेली काडतुसं ओळीत. त्याचे दोन्ही हात एका म्हाताऱ्याला काहीतरी समजावण्यात गुंतले होते. नेड्राचा जीव भांड्यात पडला. ती टेबलाला धरून उभी राहिली.

"आलीस? बरं झालं," वेल्डन म्हणाला. "तीन बार मस्त गेले, चौथ्याला फुस्स. बंदूक बिघडली."

"काडतूस खराब असेल म्हणतोय मी," एक म्हातारा म्हणाला. "हा ऐकेल तर शपथ."

"तिच्या हातचं आहे ते. अडतीस वर्षं खातोय मी तिच्या हातचं, एकदाही काही कमी पडलं नाही." वेल्डन ठासून म्हणाला. "म्हणजे बंदूकच. आणि बिघडलेली बंदूक मी चालवत नसतो."

नेड्राने नळी उजेडाकडे धरली. पलीकडचं आभाळ दिसेना. गोळी मध्येच बसली होती.

"बंदूक चांगली आहे, वेल्डन. काडतुसात दारू नव्हती. निम्मी डबी तशीच आहे. मी टॉर्च मारून बघितलं नाही."

वेल्डनने डबीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "निम्म्या पुंगळ्या पालथ्या होत्या ना," तो हळूच म्हणाला. "तू फोनवर होतीस. मला वाटलं, धक्का लागून उलटल्या. मी सगळ्या सुलट्या करून ठेवल्या. म्हटलं, तुझं तेवढंच काम वाचेल."

म्हातारे खाणीच्या भिंतीकडे बघायला लागले. नेड्राला रडूही आलं आणि हसूही. दोन्ही एकदमच आलं, आणि तिने काहीच आवरलं नाही. तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि भर माणसांत एकेक बोट चाचपत राहिली. वेल्डनने ते काढून घेतले नाहीत.